कुलूपबाईंचा पासवर्ड

शाळेत सगळ्या मुली त्यांना कुलूपबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे; पण पाठीमागचं नाव ज्याचं त्याला कळल्याशिवाय राहतं होय? बाईंना कळलं तेव्हा त्यांनी वरवर डोळे वटारले आणि आतून खूश झाल्या. गणिताच्या सरांना मुलींनी ‘सुतळी’ नाव ठेवलं होतं, गाण्याच्या बाईंना ‘भोंगा’. त्या मानानं कुलूप म्हणजे मानाचंच म्हणायचं.

बाई कॉम्प्युटर शिकवायच्या. नववीच्या प्रत्येक मुलीनं वर्षअखेर स्वतःचं एक वेबपेज उभं करायचं, हा त्यांचा नेम. शीर्षक कसं द्यायचं, परिच्छेद कुठे तोडायचा, चित्र कुठून आणायचं आणि ज्याचं चित्र त्याला आधी विचारायचं कसं, हे सगळं त्या मुलींच्या हातानं करून घ्यायच्या. एखादीनं टॅग, म्हणजे अक्षरं ठळक करायची खूण, उघडला आणि बंद करायला विसरली की अख्खं पान ठळक अक्षरांत ओरडायला लागायचं. मग बाई विचारायच्या, दार उघडलंस तर लावायला नको? घरीही असंच करतेस का?

पण तासाची पहिली दहा मिनिटं पानाची नव्हतीच. ती कुलपाची. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, अनोळखी माणूस फार गोड बोलायला लागला की काय समजायचं, फोटो एकदा हातातून गेला की तो परत का येत नाही. मुली कंटाळायच्या, जांभया द्यायच्या, बाईंची नक्कल करायच्या, आणि तरी ऐकायच्या. कारण बाई नुसत्या बडबडत नव्हत्या. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी आपला मेलचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता आणि वर तीनच शब्द: सांगायचं असेल तर. तिथे जे लिहाल ते मी एकटी वाचीन, असा त्यांचा शब्द होता. वर्षाला आठ-दहा मुली लिहायच्या. कुणाला वर्गातलीच मुलगी छळत असायची, कुणाचं खातं चोरीला गेलेलं, कुणी नको ते बघून बसलेली. बाई एकेकीला निवांत गाठायच्या, मार्ग काढून द्यायच्या, आणि या कानाचं त्या कानाला कळायचं नाही.

आता लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माणसं जगात कमी नाहीत. पण कुलूपबाई त्यातल्या असतील असं कुणालाच वाटलं नसतं. त्यांना स्वतःलाही नाही.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी बाईंची आई दवाखान्यात होती, शेवटचे दिवस होते. नेमके तेव्हाच परीक्षेचे गुण भरायचे होते. बाई उशाशी बसलेल्या, हात आईच्या हातात. अशा वेळी ताईंचा फोन आला. ताई म्हणजे शाळेच्या ग्रंथपाल. बाईंपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. लायब्ररी आणि कॉम्प्युटरची खोली शेजारी शेजारी, मधे एक दार, आणि ते दार बारा वर्षांत कधी लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ताई म्हणाल्या, तू आईजवळ बस गं, गुण मी भरते, नुसता पासवर्ड सांग. आणि बाईंनी सांगितला; गुणांना आणि मेलला एकच होता तो. एकेक अक्षर करून, दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून.

ताईंनी गुण भरले. आई गेली तेव्हा घरातलं सगळं ताईंनीच बघितलं. सख्खी बहीण असती तरी इतकं केलं नसतं. पुढे कामावर आल्यावर बाईंच्या मनात दोन-तीनदा आलं की पासवर्ड बदलायला हवा. पण बदलला आणि ताईंना कळलं, तर काय वाटेल त्यांना? गरज होती तेव्हा ताई, आणि गरज सरल्यावर कुलूप? बाईंना ते बरं दिसेना. असल्या गोष्टीत माणूस कसं वागतं बघा: चोराची भीती वाटत नाही, मैत्रिणीच्या रुसव्याची वाटते. बाईंनी पासवर्ड तसाच ठेवला.

नववीत एक मुलगी होती. टाइप केलेलं दर दुसरं वाक्य पुसून टाकायची तिला खोड, म्हणून वर्गानं तिचं नाव खोडरबर ठेवलं होतं. वडील शिंपी. शाळेच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं दुकान, आणि दुकानावरच घर. पोरगी हुशार, पण घाबरट. वडिलांचा आवाज चढला की हिच्या हातातलं भांडं पडायचं.

एका सोमवारी तिचं पत्र आलं. लांबलचक, आणि पहिल्यांदाच काहीही न पुसता लिहिलेलं. वर्षभरापासून तिची एक ऑनलाइन मैत्रीण होती. तिच्याच वयाची, तिच्यासारखीच घाबरट, असं ती मैत्रीण सांगायची. खोडरबरनं तिच्याजवळ मन मोकळं केलं होतं: आई-वडिलांची भांडणं, आई दोनदा माहेरी निघून गेली होती ते, वडील गिऱ्हाइकांना पाठीमागे काय काय बोलतात ते. आता ती मैत्रीण मैत्रीण राहिली नव्हती. ती मुलगीच आहे की नाही कोण जाणे. मी सांगेन तसं वाग, नाहीतर तू लिहिलेलं सगळं तुझ्या बाबांना पाठवीन, असे निरोप रोज यायला लागले होते. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, बाई, बाबांना कळलं तर मी मेले, तुम्ही कुणाला सांगू नका.

बाईंनी त्याच दिवशी तिला गाठलं. सांगितलं, त्या माणसाला एक अक्षरही उलट लिहू नकोस. आलेलं काही पुसू नकोस. तुला पुसायची हौस आहे, या वेळी नको. सगळं जपून ठेव आणि मग त्याला बंद कर. वडिलांपासून हे लपवून चालणार नाही, पण ते त्या चोराकडून कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. शनिवारी मी दुकानात येते, आपण दोघी मिळून सांगू. तोवर माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही. पोरीनं मान हलवली. चार दिवसांत हिंमत गोळा करते म्हणाली. शनिवारचं ठरलेलं बाईंनी तिला मेलवरही लिहून पाठवलं.

गुरुवारी मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, शिंप्याला शाळेत बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. पत्रातलं सगळं. आई दोनदा निघून गेली होती तेही.

शिंपी गळ्यातली टेप न काढताच आला होता. त्यानं भर व्हरांड्यात पोरीचं मनगट धरलं आणि तिला घेऊन गेला. जाताना खोडरबरनं कॉम्प्युटरच्या खोलीकडे बघितलं. बाई दारातच उभ्या होत्या. त्या नजरेत राग असता तर बाईंनी सोसला असता. तिथे राग नव्हताच, नुसतं कळून चुकल्यासारखं होतं.

बाई तडक मोठ्या सरांकडे गेल्या. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी तीन-तीनदा विचारलं. मोठे सर सरळ माणूस. ते म्हणाले, ज्यानं सांगितलं त्याचं नाव घेणार नाही असा मी शब्द दिलाय. आणि शब्द पाळायचा हे तुम्हीच मुलींना शिकवता ना? वर त्यांनी बाईंची समजूत घातली, की तुम्ही सांगितलंत असं कुणाला वाटलं तर वाटू दे, त्यात वाईट काय आहे, बापाला कळायलाच हवं होतं.

चार दिवसांनी शिंपी निवळला. खरं तर त्यानं पोरीला मारलं नाही, शाळाही तोडली नाही. उलट सगळे निरोप घेऊन पोलिसांकडे जाऊन आला. पण आता पोरगीच हटून बसली. शाळेत येणार नाही म्हणाली. जिथे कुलूपबाई आहेत तिथे मी पाऊल ठेवणार नाही, हे तिनं वर्गातल्या एकीला सांगितलं आणि त्या एकीनं सगळ्यांना. फळ्याच्या कोपऱ्यातला पत्ता कुणीतरी पुसला. बाईंनी परत लिहिला. दुसऱ्या दिवशी परत पुसलेला. त्या वर्गात आता कुणी जांभया देईना, कुणी नक्कल करीना. तास संपला की मुली मुकाट उठून जायच्या.

बाईंचं जेवण सुटलं. पोरगी वर्षाच्या मध्यात घरी बसली आणि आपल्या नावानं बसली, हे त्यांना सहन होत नव्हतं. ती परत यायला हवी, आणि ती तेव्हाच येईल जेव्हा तिला पटेल की बाईंनी शब्द मोडला नाही. पण पटवणार कसं? सांगणारा कोण, हेच कळेना.

अशा दिवसांत ताई होत्या म्हणून बाई तग धरून राहिल्या. ताई मधल्या सुट्टीत स्वतः येऊन डबा उघडायच्या, सफरचंद कापून अर्धं बाईंच्या हातात द्यायच्या. खा गं, पोरं आहेत, विसरतील. तू कुणाचं वाईट केलं नाहीस, तुझं कधी वाईट होणार नाही. एकदा तर बाईंना रडू आवरेना तेव्हा ताईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, मला तर बाई शिपाईमामांचा संशय येतो. तू त्या मुलीशी बोलत होतीस तेव्हा ते खिडकीशी पाणी भरत होते. बाईंना ते पटलं. बुडणाऱ्याला काडीही पुरते. तेव्हापासून त्यांनी शिपाईमामांशी बोलणं तोडलं, त्यांनी आणलेला चहासुद्धा परत पाठवला. बारा वर्षं चहा आणणारा माणूस कप हातात धरून दारात उभा राहिला आणि काही न विचारता गेला.

तोवर अभ्यासक्रमात फसव्या पानाचा धडा आला. दर वर्षी बाईंचा हा धडा गाजायचा. वेबपेज बनवायला शिकलात ना, मग आता बघा तेच शिक्षण चोराच्या हातात गेलं की काय होतं, असं म्हणून त्या मुलींकडून शाळेच्या मेलच्या पानाची हुबेहूब नक्कल करून घ्यायच्या. तोच रंग, तेच दोन रिकामे चौकोन, एक नावाचा, एक पासवर्डचा. नक्कल बाहेर कुठे जायची नाही, खोलीतल्या कॉम्प्युटरांपुरतीच. त्यात जे टाइप होईल ते एका यादीत येऊन पडायचं: वेळ, कॉम्प्युटरचा नंबर, नाव, पासवर्ड. मुलींनी खोटी नावं टाकायची आणि मग आपणच टाकलेला पासवर्ड यादीत बघून हादरायचं.

या वर्षीच्या मुलींनी नक्कल अशी काही उतरवली होती की बाईंनाच दोनदा बघावं लागलं. एका मुलीनं वर भर घातली: पासवर्ड टाकला की आधी ‘पासवर्ड चुकला, पुन्हा टाका’ असं यावं आणि दुसऱ्यांदा टाकला की खरं पान उघडावं, म्हणजे फसलेल्याला शंकाच येणार नाही. बाईंनी तिची पाठ थोपटली. दोन दिवस खोलीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर तेच पान उघडेल अशी व्यवस्था केली आणि बाहेरच्या दारावर चिठ्ठी लावली: सराव चालू आहे, इथे कुणी खरं नाव टाकू नये.

दुसऱ्या दिवशी तासाआधी त्या यादी चाळायला बसल्या. नाव: कोणीतरी. पासवर्ड: सांगणार नाही. नाव: भोंगा. पासवर्ड: सा रे ग. कितीतरी दिवसांनी बाईंना हसू आलं. आणि मग पुढची ओळ आली.

बारा वाजून बावन्न मिनिटं. कॉम्प्युटर नंबर सात. नाव बाईंचं. पासवर्डही बाईंचाच, अक्षर न् अक्षर. त्याच्याखाली बारा त्रेपन्नला पुन्हा तेच, पहिल्यांदा चुकलं असेल म्हणून जरा सावकाश टाइप केल्यासारखं.

बाईंना वाटलं, आपणच टाकलं असेल विसरून. पण काल बारा बावन्नला त्या मोठ्या सरांच्या खोलीत वेळापत्रकाच्या बैठकीत होत्या, आणखी चार जणांबरोबर. पासवर्डमध्ये आई ज्या लाडक्या नावानं हाक मारायची ते नाव होतं. ते मुलींना माहीत असणं शक्य नव्हतं. बाहेरच्या दाराला तर मधल्या सुट्टीत कुलूप असतं. आत यायची एकच वाट उरली, लायब्ररीतली. आणि लायब्ररीचा कॉम्प्युटर सोमवारपासून दुरुस्तीला गेलेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. मग एकेक आठवायला लागलं. कितीतरी वेळा न उघडलेली पत्रं त्यांना आधीच उघडलेली दिसायची. आपण वाचून विसरलो असू, असं म्हणून त्या सोडून द्यायच्या. एकदा ताईंजवळ बोलल्याही होत्या, आणि ताई खळखळून हसल्या होत्या: वय झालं गं तुझं, आता बदाम खात जा.

बाईंनी आधी पासवर्ड बदलला. दोन मिनिटं लागली. चार वर्षं जे जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं. मग त्यांनी दिवसभराचे सगळे तास घेतले, एकही चुकवला नाही, आणि शेवटची घंटा झाल्यावर मधल्या दारातून लायब्ररीत गेल्या.

ताई नव्या पुस्तकांच्या पाठीवर नंबरच्या चिठ्ठ्या डकवत बसल्या होत्या. बोटांना डिंक लागलेला. त्यांनी वर न बघता खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या नाहीत. त्यांनी यादीचा कागद टेबलावर ठेवला आणि नंबर सातच्या ओळीवर बोट ठेवलं. ताईंनी चष्मा लावून वाचलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. फसव्या पानाबद्दल त्या बारा वर्षं बाईंकडून ऐकतच आल्या होत्या.

ताई रडल्या नाहीत, नाकबूल झाल्या नाहीत. डकवायची चिठ्ठी त्यांनी नीट डकवली आणि मग म्हणाल्या, “तू शनिवारपर्यंत थांबणार होतीस. तोवर पोरीनं जिवाचं काही केलं असतं तर? तुला भीती वाटली नाही, मला वाटली.”

बाईंना हे अपेक्षित नव्हतं. आणि खोटं तर काय, या बोलण्यात तथ्य होतं. त्या तीन रात्री बाईंनाही झोप लागली नव्हती.

“मग मला का नाही म्हणालीस?” त्यांनी विचारलं. “मी तुझं ऐकलं नसतं का? दोघी गेलो असतो त्यांच्या घरी.”

“तुला सांगितलं असतं तर तू पासवर्ड बदलला असतास,” ताई म्हणाल्या.

हे वाक्य ऐकून बाई खाली बसल्या. म्हणजे काळजी होतीच, पण काळजीच्याही आधी ते वाचायचं सुख होतं. बाईंनी विचारलं, किती दिवस चाललंय हे? ताईंनी बोटांचा डिंक खरवडत सगळं सांगून टाकलं. गुण भरले तेव्हापासूनच. पहिल्यांदा चुकून एक पत्र उघडलं गेलं. मग सवय लागली. तुझ्याकडे सगळ्या जणी येतात गं, माझ्याकडे कोण येतं? पुस्तकाची तारीख वाढवून द्या, एवढंच बोलतात माझ्याशी. घरी भिंती. तुझी पत्रं वाचली की वाटायचं, आपलंही कुणाशी काही नातं आहे. मी कधी कुणाला काही बोलले का? चार वर्षांत एक शब्द? या एका पोरीचं सांगितलं, तेही तिच्या भल्यासाठी.

बाईंच्या मनात एक क्षण कणव आली. बारा वर्षांची मैत्री. अशी कशी पटकन तुटेल? पण लगेच त्यांना सफरचंद आठवलं.

“सांगितलंस ते सांगितलंस,” बाई म्हणाल्या. “पण नंतर पंधरा दिवस माझ्याजवळ बसून माझे डोळे पुसत होतीस. पोरगी माझ्या नावानं घरी बसलीय हे तुला माहीत होतं. एकदा तोंड उघडलं असतंस तर ती परत आली असती. आणि वर तू मामांचं नाव घेतलंस.”

ताईंनी डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाल्या, “तू मला सोडून जाशील अशी भीती वाटली.”

कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर बाई कडाडल्या असत्या, मोठ्या सरांपर्यंत गेल्या असत्या, सगळी शाळा डोक्यावर घेतली असती. पण हा केसानं गळा कापण्यातला प्रकार. ओरडायला घशात आवाजच राहत नाही. त्या उठल्या, आपल्या खोलीत आल्या आणि मधलं दार लावून घेतलं. कडी गंजलेली होती, दोन्ही हातांनी रेटावी लागली. पलीकडून ताईंनी एकदा हाक मारली. बाईंना वाटलं आपल्याला राग आलाय, पण तो राग नव्हता. कुणीतरी वारल्यावर वाटतं तसं ते होतं, आणि या वेळी घरातलं सगळं बघायला ताई नव्हत्या.

बाहेर पडताना फाटकापाशी शिपाईमामा भेटले. बाईंनी हात जोडले, म्हणाल्या, मामा, मी तुमच्यावर उगीच संशय घेतला, मला माफ करा. मामा म्हणाले, मला वाटलं चहात साखर जास्त पडत होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळीच बाई शिंप्याच्या दुकानात गेल्या. रात्रभर त्यांनी मनात वाक्यं जुळवली होती. मशीन चालू होतं. खोडरबर कोपऱ्यात स्टुलावर बसून शर्टाला बटणं लावत होती. बाईंना बघून तिनं मान खाली घातली. शिंप्यानं मशीन थांबवलं, आता आणखी काय राहिलंय असं तोंडातल्या तोंडात म्हणाला, पण गिऱ्हाइकांची खुर्ची पुसून पुढे केली.

बाईंनी काही लपवलं नाही. ताई कोण, पासवर्ड कधी दिला, का दिला, का बदलला नाही, नंबर सातवर काय सापडलं, सगळं सांगितलं. वर्गात बारा वर्षं जे शिकवलं ते आपणच मोडलं होतं, हे एका मुलीसमोर आणि तिच्या बापासमोर बोलताना जीभ जड होत होती. तरी बोलल्या. शेवटी म्हणाल्या, “मी कुणाला सांगितलं नाही गं. पण घराची किल्ली दुसऱ्याला देऊन ठेवली होती आणि परत मागायची मला लाज वाटली. तेवढी चूक माझी.”

शिंपी बराच वेळ कात्री उघडझाप करत राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला. तो पोरीकडे वळून म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, बाई तसल्या नाहीत. आता सोमवारपासून गुपचूप शाळेत जायचं.

बाईंच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. याच एका वाक्यासाठी त्या आल्या होत्या. आता पोरगी मान वर करील, कदाचित हसेलही, असं वाटून त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

खोडरबरनं मान वर केली, पण हसली नाही. तिनं विचारलं, “लायब्ररीच्या ताई चार वर्षं सगळंच वाचत होत्या?”

“हो.”

“म्हणजे फक्त माझं नाही.”

“नाही.”

“तुम्हाला आणखी किती जणींनी लिहिलं होतं?”

बाईंनी मनात मोजलं. एकीचा चेहरा, मग दुसरीचा, दहावी होऊन गेलेल्या, एक गाव सोडून गेलेली. “सदतीस,” त्या म्हणाल्या.

“त्यांना माहीत आहे?”

“अजून नाही.”

“सांगणार होतात?”

होय म्हणणं सोपं होतं. पण बाईंना खोटं बोलता येईना. कालपासून त्यांनी ताईंचा विचार केला होता, या मुलीचा केला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नावावरच्या डागाचा केला होता. त्या सदतीस जणींमधली एकही त्यांच्या डोक्यात आली नव्हती. त्या पोरी आजही समजून चालल्या होत्या की आपलं गुपित एकट्या कुलूपबाईंजवळ आहे.

“मग आधी माझ्याकडे कशाला आलात?” खोडरबर म्हणाली. “माझं तर सगळ्यांना कळून झालंय.”

शिंपी तिच्यावर ओरडला, बाईंशी असं बोलतात का म्हणून. बाई म्हणाल्या, बोलू दे, बरोबर बोलतेय. पोरीनं मान खाली घातली आणि सुईत दोरा ओवायला लागली. दोरा जात नव्हता. तरी तिनं कुणाकडे मदत मागितली नाही.

सोमवारी येशील ना, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते विचारलं नाही. त्या पायरी उतरून रस्त्यावर आल्या. सदतीसमधली पहिली मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. चार वर्षांपूर्वी तिनं जे लिहिलं होतं ते तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं, आणि आता तिच्या दारात उभं राहून सुरुवात कुठून करायची ते बाईंना सुचत नव्हतं. तरी त्या तिकडे निघाल्या.